अडीचशेचं दीडशे

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा सैन्याच्या प्रदर्शनात नवा ग्रेनेड लाँचर पाहिला. जवान म्हणाला, "काका, हा अंतर स्वतःच मोजतो. आडोशामागे लपलेल्याच्याही बरोबर डोक्यावर गोळा फुटतो."

आमच्या वेळी डोळ्यांनी अंतर जोखून ओरडायचं काम माझं होतं. एकदा अडीचशेऐवजी मी दीडशे ओरडलो. लाँचर चालवणारा माझा जोडीदार शंकर, त्याने तसाच नेम धरला, गोळा आपल्याच माणसांजवळ पडला आणि दोघे जखमी झाले. ठपका शंकरवर आला. तो हसून म्हणायचा, "अडीचशेचं दीडशे ऐकलं बघ. कानच फुटके माझे!" मीही सोबत हसायचो.

त्या नव्या लाँचरच्या दुर्बिणीच्या काचेत आपोआप उमटलेला अंतराचा आकडा पाहून हायसं वाटलं. आता कुणाची जीभ घसरायला नको. आज हे लिहूनही छाती हलकी झाली.

शंकर मात्र गेला. तो होता तेव्हा त्याच्याकडे तीनदा चहा पिऊन परतलो; "शंकऱ्या, दीडशे मीच म्हणालो होतो, माफ कर," एवढं काही तोंडातून निघालं नाही.