समिंदराकडं पाठ

आमच्या मदरशात भूगोल उर्दूत शिकवायचे. मास्तर नकाशावर छडी ठेवून सांगायचे, दुनियेत तीन हिस्से पाणी अन् एक हिस्सा खुश्की, म्हंजे कोरडी जमीन. ती सगळी खुश्की आमच्याच तालुक्याच्या वाट्याला कावून आली, हे काय त्यांनी कधी सांगितलं न्हाई. बाकीच्या तीन हिश्श्यांची खबर गावात आणली ती माज्या मामानं.

मामा एका व्यापाऱ्याच्या मिरच्या गाडीत घालून कोकणात गेलता. परत आला तो थेट पारावर बसला अन् समिंदर सांगाय लागला. "पाणी येतंय, पाणी जातंय. मोट न्हाई, नाडा न्हाई. कुणी वढीत न्हाई अन् कुणी थांबवीत न्हाई." इथं तो डोळे मिटायचा, उजवा हात आडवा फिरवायचा अन् हळूच म्हणायचा, "नुसतं बगत ऱ्हावं." आमच्या हिरी चैतातच तळाला जायच्या, तवा लोकं आ करून ऐकायची. पहिले आठ दिवस. मंग मामा पारावर दिसला की लोकं मागच्या बोळातनं घरी जायाला लागली.

येक दिवशी मामानं जाहीर केलं, आपण बिऱ्हाड घेऊन समिंदराच्या काठालाच ऱ्हाणार. मामाचा चुलतभाऊ तिथंच बसलता. त्यो म्हणला, "जातूस का नुसता बोलतूस बे?"

मामाला राग आला. त्यानं तिथल्या तिथं बेलभंडार उचलला. "जातो तो कायमचाच. दुसऱ्या दसऱ्याच्या आत परत आलो न्हाई तर वढ्याकाठचं रान तुजं."

चुलतभावानं वाटंसाठी दशम्या सोता बांधून दिल्या. एवढी माया त्यानं आधी कधी दाखवली नव्हती. गाडीत मामा बसला, मामी बसली, पुढं दोन बैल. मामीला जायचं हाय का, हे कुणी इचारलं न्हाई. तसं बैलांना बी इचारलं नव्हतं म्हणा.

मामा गेल्यावर पाराला करमंना. मला नकला करायची खोड. पटवारी, हेडमास्तर, नाक्यावर जकात घेणारा करोडगिरीवाला, सगळी माज्या तोंडात ऱ्हायला व्हती. मंग मामा बी आला. मी पारावर बसायचो, डोळे मिटायचो, हात आडवा फिरवायचो. "नुसतं बगत ऱ्हावं" म्हणलं की पार हसून आडवा पडायचा. खऱ्या मामाला टाळून जाणारी माणसं ह्या मामाला भाकरी सोडून ऐकायची. मला लई ग्वाड वाटायचं.

दुसऱ्या वर्षी आखाड सरला तसं आईनं मला धरलं. "दसरा आला म्हंजे माज्या भावाचं रान गेलं. गावाला हसवायला तोंड हाय न्हवं तुला? तेच घिऊन जा अन् त्याला आण."

बार्शीला आगगाडी धरली, कोल्हापुरातनं एका गाडीवानासंगं घाट उतरलो अन् भिजून चिंब होऊन मामाच्या दारात उभा ऱ्हायलो. मामी मला बगून रडली. मामानं घडीभर बसू बी दिलं न्हाई, आधी काठावर नेलं. तेच बोलणं, तोच आडवा हात. फकस्त येक फरक व्हता. त्यो समिंदर बगत नव्हता, माजं तोंड बगत व्हता.

त्यानंतर पंधरा दिवस मी बगितलं, मामा येकदा बी तिकडं गेला न्हाई. समिंदर बगाय म्हणून त्यानं दारापुढं वटा बांधलता. त्या वट्यावर त्यो समिंदराकडं पाठ करून काथ्याचा दोर वळत बसायचा. दिसभर बैलांनी भाड्यानं दगडाचे चिरे वढायचे, सांजंला ह्यानं दोर वळायचा. मीठ पाझरून वाहून जायाचं, मामीच्या लुगड्यांवर बुरशी धरायची. तिन्ही टायमाला भात. "भात खाऊन उठलं की आता जेवाय बसावं वाटतंय," मामा म्हणायचा. दारापुढं दुनियेचे तीन हिस्से पाणी अन् मामी प्यायची कळशी टेकडीवरच्या हिरीतनं आणायची. गावाकडं हीर लांब व्हती, पर चढ नव्हता.

घरमालक म्हातारा शेजारीच ऱ्हायचा. त्याच्या घराला समिंदराच्या बाजूनं खिडकीच नव्हती. मी इचारलं, "आजोबा, तिकडं खिडकी कावून न्हाई ठिवली?"

"वारा येतो हो, मीठ येतं. नि बघायचंय काय त्यात? आहेच तो तिथे." मंग मामाकडं मान करून म्हणला, "तुमचे मामा आले तेव्हा रोज बघायचे. मी आमच्या हिला म्हटलं, एक पावसाळा जाऊ दे."

येका सांजंला मी मामाजवळ बसलो. "मामा, चला आता. दसरा जवळ आला."

मामा दोर वळीत ऱ्हायला. मंग म्हणला, "येऊ अन् पारावर काय सांगू? मागं आंबाजोगाईकडचा येक गाडीवान भेटलता बंदरावर. मी त्याला समिंदराचं सांगाय लागलो, तर हसला. म्हणला, तुमीच व्हय ते नुसतं बगत ऱ्हावंवाले?" दोराला पीळ देत त्यानं माज्याकडं बगितलं. "माज्या आधी माजी नक्कल जिल्हा फिरली, भाच्या. आता मी गावात पाय कसा ठिवू?"

मी तोंड उघडलं. त्या दिवशी त्यात कुणाचाच आवाज येईना, माजा बी न्हाई.

मंग पोळा आला. त्या गावात पोळ्याची आमच्यासारखी हौस कुणालाच न्हाई, बैल रोजच्यासारखे जुंपलेले. मामानं मात्र आदल्या सांजंला लोणी अन् हळद लावून बैलांचे खांदे मळले. चिरे वढून खांदे सोलून निघालते. सकाळी न्हाऊ घालायचं. घरामागं पावसाळ्यापुरता वढा व्हता, गढूळ पर ग्वाड पाण्याचा. मामी म्हणली, "वढ्यावर न्ह्या."

"दाराशी समिंदर असताना वढ्यावर?" मामा म्हणला. "वरसातनं येक दिस बैलाचा. त्याला मोठ्यात मोठं पाणी द्यायचं."

आमच्याकडं गुडघाभर पाणी दिसलं तरी लोकं हात जोडत्यात. मोठं पाणी म्हंजे चांगलं पाणी, येवढंच आमाला ठावं. पोटाइतक्या पाण्यात बैल गेले अन् येक लाट खांद्यावर फुटली. सोललेल्या खांद्याला मीठ. थोरला बैल असा हंबरला की मी त्याची नक्कल आजवर केलेली न्हाई. दोघांनी हिसडा दिला. मामा पाण्यात आडवा, दोर बैलांच्या मागं, बैल म्हाताऱ्याचं कुंपण मोडून गावाभाईर.

आमी दोघं दिसभर माग काढीत गेलो. चार कोसांवर घाटाच्या वाटंला येक धर्मशाळा हाय. येताना मामाचा शेवटला मुक्काम तिथंच झालता. तिथल्या आंब्याखाली तवा जिथं बांधले व्हते, तिथंच बैल उभे व्हते. बांधलं कुणीच नव्हतं. तोंडं घाटाकडं.

मामा लई येळ त्यांच्याकडं बगत उभा ऱ्हायला. त्याला मी इतका येळ समिंदर बगताना बी बगितलं नव्हतं.

पोळ्याला बैल शिंगं रंगवल्याबिगर ठिवता येत न्हाईत. खाली जाणाऱ्या येका गाडीवानाजवळ मामानं मामीला निरोप दिला, रंग अन् पुरणपोळ्या घिऊन ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आली. म्हाताऱ्याच्या बैलांनी आमची गाडी वढत आणलती, अन् गाडीत रंगाचा डबा व्हता, पोळ्या व्हत्या, पेटी, पाटा-वरवंटा, भांडी, कळशी अन् उखडून आणलेली चूल. मामानं गाडीकडं बगितलं. मामीनं कुणाकडंच बगितलं न्हाई. खाली बसली अन् थोरल्या बैलाची शिंगं रंगवाय लागली.

बैलांचे खांदे दुखरे, वाटंत महिना गेला. दसऱ्याला चार दिस असताना आमी गावात शिरलो. पारावर चुलतभाऊ व्हताच. त्याचं तोंड बगून मला त्याची नक्कल तिथंच यायला लागलती. त्यो म्हणला, "आलास बे? समिंदर आटला का काय?"

मामानं थोरल्या बैलाच्या पाठीवर हात ठिवला. "बैलांना मानवलं न्हाई," त्यो म्हणला.

सगळ्या पारानं मान हलवली. मामाला करमलं न्हाई म्हणलं असतं तर वरीसभर हसले असते. बैलांना मानवलं न्हाई म्हणल्यावर काय बोलणार? बैलासाठी माणूस कुठनं बी उठून येतो. तरी दोघा-तिघांनी माज्याकडं बगितलं, हात आडवा फिरतो का म्हणून. मी हात मागं धरले. "खरं हाय," मी म्हणलो. "मी व्हतो तिथं."

सांजंला आईनं चुलीपाशी मामीला इचारलं, "खरंच बैलांपायी आले व्हय गं?"

"बैलांनी येकदा सांगितलं अन् ऐकलं," मामी भाकरी थापीत म्हणली. "मी दोन पावसाळे सांगत व्हते. आधीच मी बी शिंगं रंगवून घ्यायला पायजे व्हती."

मामा वसरीवर जेवत व्हता. सगळं ऐकू आलं व्हतं त्याला. त्यानं आणखी येक भाकरी मागितली.