सोरियाच्या चर्चमधल्या बाकावर

आधीच सांगते, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. माझं कामच मोजमापाचं... जे मिलिमीटरमध्ये बसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

मी एडिनबरात, जुन्या इमारतींचे लेझर स्कॅन करणाऱ्या छोट्या फर्ममध्ये आहे. गेल्या ऑक्टोबरात स्पेनच्या सोरिया प्रांतातल्या खेड्यांमधली बाराव्या शतकातली दगडी चर्चेस स्कॅन करायचं काम आमच्याकडे आलं. माझे बाबा साताऱ्याला, झेडपीतले रिटायर्ड ड्राफ्ट्समन. त्यांना माझ्या कामाचं भारी कौतुक. "कमानी दाखव गं आतून," एवढंच मागणं. मी रोज "उद्या नक्की" म्हणायचे.

त्या दिवशी आम्ही आल्माथानजवळच्या एका गावात होतो. चर्चची किल्ली शेजारच्या आजींकडे असते. त्यांनी दार उघडून दिलं. माझा सहकारी कॅलम बाहेरच्या भिंती करत होता. आत मी एकटी. कोणी मध्येच येऊ नये म्हणून आतून कडी घातली. स्कॅनर लावत होते, तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल... मी कट केला आणि 'कामात आहे, नंतर' असा मेसेज टाकला. मग मशिन सुरू करून खांबामागे उभी राहिले. स्कॅनर गोल फिरतो ना, त्यात आपण दिसता कामा नये.

दुपारी दादाचा फोन आला. बाबा गेले. माझा मेसेज वाचून त्यांनी फोन खाली ठेवला आणि पाच-दहा मिनिटांत, खुर्चीतच...

साताऱ्याहून परतल्यावर तीन आठवड्यांनी कॅलमने मला त्याच्या स्क्रीनपाशी बोलावलं. स्कॅनमध्ये आलेली माणसं, कबुतरं पुसून फाइल साफ करायची असते. तो म्हणाला, "तू तर दार लावलं होतंस ना? मग हे कोण?"

पुढच्या बाकावर एक माणूस बसला होता. चेहरा नाही, नुसते करडे ठिपके. चालत्या माणसाचा स्कॅनमध्ये फराटा उमटतो. हा अगदी स्वच्छ आला होता, म्हणजे जराही हलला नव्हता. एक पाय बाकावर दुमडलेला, मूठ गालाला, डावा खांदा उतरलेला. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर वाकून बाबांचा खांदा तसाच झाला होता.

आणि ते कमानी बघतच नव्हते. तोंड खांबाकडे होतं... जिथे मी लपले होते.

मशिन तपासायला पाठवलं, काही दोष निघाला नाही. आजींनाही विचारून घेतलं. त्यांनी दुसऱ्या कोणाला किल्ली दिली नव्हती. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

क्लायंटला रिकामं चर्च हवं होतं. कॅलम म्हणाला, मी करतो. मी नको म्हटलं. त्यांना माझ्याच हाताने पुसलं, आधी पाय, मग हात, शेवटी तो खांदा. खूप रडले.

परवा आईने विचारलं, "शेवटचं काय बोलले गं तुझ्याशी?"

मी म्हटलं, "बराच वेळ बोलत होतो आम्ही."