सासूबाईंच्या खोलीचं काम

घर बांधून झालं की लोक बघायला येतात, आणि चहा होईपर्यंत स्वतःच्या घराच्या तक्रारी सांगून जातात. आमच्याकडे महिनाभरात इतक्या जमल्या, की मला वाटलं, रत्नागिरीत सरळ भिंत कोणाकडेच नसावी. माझ्या स्वतःच्या तक्रारी मात्र एकाच खोलीच्या आहेत.

रत्नागिरीजवळ पावस गावात घर बांधलं ते सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेले आणि जुन्या घराला बारा पायऱ्या. नवरा बोटीवर, त्यामुळे शाळेतली नोकरी सांभाळून साइटवर मीच. कॉन्ट्रॅक्टर सुर्वे, माणूस गोड. पण लादी एकाला दिलेली, नळ दुसऱ्याला, वायरिंग तिसऱ्याला. स्वतः फक्त फोनवर.

*

लादीवाल्याने बाथरूम पूर्ण केली. मी एक बादली ओतून बघितली. पाणी जाळीकडे गेलंच नाही, दाराबाहेर पडून थेट सासूबाईंचा पलंग येणार होता तिथे.

"उतार दिलाय ना वहिनी," तो म्हणाला. "कुठच्या बाजूला, ते कोणी बोललं नाय."

काम बघायला आलेल्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग नळ पलंगाजवळ बसव हो. मी इथेच आंघोळ करीन."

दुसऱ्या दिवशी त्याने लादी उखडली. उखडताना खालचा पाइप फोडला.

*

म्हणून नळवाला आला. त्याने नवीन पाइप जोडले, वरून लादी बसली, आम्ही राहायला गेलो.

चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "गो, संडास गरम लागतो." मला वाटलं, वयामुळे काहीतरी होत असेल. मग फ्लशच्या टाकीचं झाकण उघडलं तर आतून वाफ. गीझरचं पाणी तिकडे जात होतं, आणि शॉवरला आम्ही गार पाण्याने कुडकुडत होतो.

नळवाल्याने वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "गीझर चांगला लागलाय पण तुम्हाला."

*

वायरमनने सासूबाईंच्या खोलीतल्या दिव्याचं बटण खोलीबाहेर बसवलं. मी त्याला म्हटलं, "अहो, त्यांना उठवत नाही. पलंगाशी हवं होतं ना बटण."

"उठवत नाही म्हणूनच बाहेर दिलं. झोपल्या की तुम्ही बाहेरून बंद करायचा."

सासूबाईंनी आतून विचारलं, "माझी झोपायची वेळ हा ठरवणार काय?"

तीन आठवडे तो "उद्या येतो" म्हणत राहिला.

*

इथवरचं सगळं मी शाळेत हसत सांगायचे. पुढचं नाही सांगितलं.

कमोडशेजारी धरून उठायला स्टीलचा दांडा लावायला सांगितला होता, आणि तो लागलाही होता. एका सकाळी मी वेणी घालत होते आणि आतून धप्पकन आवाज आला. सासूबाई जमिनीवर बसलेल्या, दांडा त्यांच्या हातात. भिंतीत दोन भोकं, कडेला नुसतं व्हाइट सिमेंट. स्क्रू भिंतीत धरलेलेच नव्हते.

हाड वाचलं. पण त्या आठ दिवस बाथरूमला एकट्या जाईनात. मी बाहेर उभी राहायचे आणि त्यांना त्याचीच लाज वाटायची.

त्या पडल्या त्याच सकाळी मी सुर्व्यांना फोन केला. ओरडायचं ठरवलं होतं, पण रडूच आलं. तासाभरात ते स्वतः आले. त्यांच्या हातात ड्रिल मी पहिल्यांदाच बघितलं. खोल भोकं पाडून त्यांनी दांडा बसवला, मग दोन्ही हातांनी धरून त्याला चक्क लोंबकळले. सासूबाईंच्या पायाला हात लावून म्हणाले, "आजी, आता नाही निघणार."

निघाला नाही. अजून घट्ट आहे. ते बटण मात्र मी शेवटी पावसमधल्याच एका वायरमनकडून आत घेतलं, आणि गीझरचे पाइपही त्याच्याच भावाने नीट केले.

*

गेल्या मे महिन्यात सुर्वे आंब्याची पेटी घेऊन आले. सासूबाईंची चौकशी केली, चहा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, सावर्ड्याला बांधकाम काढलंय. तुमच्याकडे नंतर कोण वायरमन आला होता? नंबर द्या ना. नळाचं केलं त्याचाही."

मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे एवढी माणसं आहेत की."

सुर्व्यांनी कप खाली ठेवला.

"घर माझं आहे, वहिनी."