हंडे मी हलवले होते

हंडे मी हलवले होते. सुनंदाने नाही.

हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ऐकायला तीच नाही.

काल दुपारी रोह्याला सुनंदा गेली. हार्ट अटॅक.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पेणला आम्ही नववीत असताना शाळेत सेवा मंडळ होतं. सुनंदा त्याची प्रेसिडेंट. मी व्हाइस प्रेसिडेंट, म्हणजे कार्यक्रम झाला की सतरंज्या गुंडाळणारा.

ती खारेपाटातली, म्हणजे खाडीकडच्या खारट पाण्याच्या गावांतली. वडील मिठागरावर कामाला. एसटीने शाळेत यायची, आणि आवाज असा की प्रार्थनेला माइक लागायचा नाही.

मी बाजारपेठेतला. पाणी नळातून येतं, यापलीकडे पाण्याबद्दल मला काही माहीत नव्हतं.

प्रेसिडेंट खरं तर मीच व्हायला हवं होतं, असं मला मनातून वाटायचं. मार्क माझे जास्त, शर्ट माझा इस्त्रीचा. मतं मात्र सगळी तिला.

त्या उन्हाळ्यात आम्ही खाडीकडच्या एका गावात दर शनिवारी टँकरवर मदतीला जायचं ठरवलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. टँकर येईल तेव्हाच प्यायचं पाणी.

पहिल्या दिवशी मी सायकलने लवकरच पोचलो. सुनंदा तिच्या गावाहून परस्पर आली होती, पण टँकरची चौकशी करायला सरपंचांच्या घरी गेली होती. मंडळाचे सर आणि बाकीची पोरं एसटीने यायची होती.

रस्त्याच्या कडेला हंड्यांची वेडीवाकडी रांग. जवळ एकही बाई नाही.

म्हटलं, चला, सगळे यायच्या आत शिस्त लावू. जरा लीडरशिप दाखवू.

मोठे हंडे पुढे घेतले, लहान मागे, कळश्या सगळ्यात शेवटी. एकदम परेड. लांब जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

तिथे हंडा म्हणजे नंबर असतो, हे मला कुठे माहीत. पहाटे येऊन हंडा ठेवायचा आणि घरी कामाला जायचं. कोणाचा कोणाच्या मागे ते अख्ख्या गावाला पाठ असतं.

टँकर आला, बायका आल्या, आणि जो काही गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. टँकरवाला कशाला थांबतोय. त्याने पाइप सोडला, आणि ज्याचा हंडा पुढे त्याचा भरला.

पाणी संपलं तेव्हा बरेच हंडे रिकामे होते. त्या गावातल्या हिरामावशीचा हंडा पहाटे तिसरा होता, तो मी शेवटी नेऊन ठेवला होता. तिच्या घरात सून आठ दिवसांची बाळंतीण. मावशी भांडली नाही. रिकामा हंडा मांडीवर घेऊन रस्त्यावरच बसली.

तोवर सर आले होते. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं?

मी सायकलचं स्टँड नीट करायला खाली वाकलो.

"मी केलं, सर," सुनंदा म्हणाली. "सरळ लावले की लवकर भरतील असं वाटलं."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. रिकामे हंडे उचला म्हणाली, आणि गडब गावाच्या बाजूला गोड्या पाण्याची विहीर होती तिकडे आम्हाला घेऊन निघाली. ऐन उन्हात, बांधावरून. ती डोक्यावर भरला हंडा घेऊन सरळ चालायची. आम्ही दोघा-दोघांत एक हंडा धरून निम्मं पाणी स्वतःच्या चपलांवर ओतत यायचो.

पहिला हंडा हिरामावशीच्या दारात ठेवला.

सोमवारी सरांनी तिला काढलं आणि मला प्रेसिडेंट केलं.

मी नको म्हणालो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पाऊस सुरू होईपर्यंत एकही शनिवार मी चुकवला नाही. काहीही करायच्या आधी हळूच तिला विचारायचो, आता काय करू? ती म्हणायची, मला नको, मावश्यांना विचार.

पुढे तिला रोह्याला दिली. तिथल्या निडी गावाजवळच्या अंगणवाडीत ती ताई झाली. मी नागोठण्याला कंपनीत चिकटलो. फर्स्ट शिफ्ट सुटली की कधीतरी रोह्याच्या बाजारात भेट व्हायची. मी "ते हंड्यांचं..." म्हणायला तोंड उघडलं की ती विचारायची, चहा घेतोस का. चहा व्हायचा, आणि विषय राहून जायचा.

आज सकाळी तिला पोचवायला गेलो होतो. हिरामावशी आली होती. आता तिला नीट चालता येत नाही, नातवाने धरून आणलं. तेव्हाचं आठ दिवसांचं बाळ ते, आता त्याला टक्कल पडायला लागलंय.

मला राहवेना. मी तिच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं. मावशी, त्या दिवशी हंडे मी हलवले होते.

"म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "खारेपाटातली पोर दुसरीच्या हंड्याला हात लावंल व्हय? तवाच वलखला आमी."

मग सरांना कोणीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तीच घरोघर फिरली. बोलली, त्याला कोन काय बोलू नका गो. लाजंल तो, परत यायचा नाय. पोरगा कामाचा हाय."

मी चारचौघांत ढसाढसा रडलो. वय बघितलं नाही.

सुनंदा, तू मला वाचवलंस एवढंच मी आजवर समजत होतो. तू मला जाऊ दिलं नाहीस, हे आज कळलं.

माफी मागायची राहिली होती. ती इथे सगळ्यांसमोर मागतो.

निवांत जा, प्रेसिडेंट. मनापासून नमस्कार.