बॉलपेनने केलेली चौथी आवृत्ती

रत्नागिरीहून जयगडची एसटी पकडली तेव्हा मांडीवर पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि आभाळ काळवंडलेलं. पुस्तिकेत एक ऑस्ट्रेलियन अद्भुतकथा, अनुवाद माझा. तिकडे ती आधी एका छोट्या मासिकात आली. ते बंद पडलं. मग तिला पुरस्कार मिळाला, म्हणून संग्रहात आली. तिसऱ्यांदा छापली आमच्या ग्रामस्थ समितीने, लेखिकेला विचारून. कथेत दीपगृहाचा दिवा विझतो, समुद्र एका माणसाचं नाव मागतो. राखणदाराची मुलगी भावाचं नाव देते आणि तो बुडतो. आमच्या खाडीच्या तोंडावरचा दिवाही बंदच आहे. अर्जांवर अर्ज करूनही बंदर खात्याच्या साहेबलोकांना लाज नाही, हे प्रस्तावनेत लिहिलंय.

फेरीबोटीत मी गठ्ठा छातीशी धरला. पाणी कठड्यावरून आत येत होतं. पलीकडे यमुनाकाकींच्या पडवीत कथा ऐकायला बायका जमल्या होत्या. कुळथाची पिठी आणि भात वाढला, पण काकी जेवल्या नाहीत. त्यांचा मुलगा तांडेल, मासेमारीच्या होडीचा प्रमुख. सकाळी यायची त्याची होडी दुपार झाली तरी आली नव्हती, फोन लागत नव्हता.

मी वाचायला लागले. होडी बाहेर असताना या घरांत 'बुडणं' हा शब्द काढत नाहीत. मला ठाऊक नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. त्यात, कथा आपली वाटावी म्हणून त्या भावाचं नाव मी सुरेश ठेवलेलं.

सुरेश बुडतो तिथवर मी वाचलं.

"बाय, माजा सुरेश पान्यात हाय," काकी म्हणाल्या. "तू त्याला कागदावर दर्याला दिलास."

अंधश्रद्धेवर मी तासभर बोलू शकते. तोंड उघडलंही, पण समोर खाडी उसळत होती. पेन काढून एकेका प्रतीतलं नाव खोडू लागले. शेजारची सून म्हणाली, जागा मोकळी सोडू नको, दर्या ती आपणच भरील. मग कुणाचं लिहू? प्रत्येकीचं कुणी ना कुणी पाण्यात होतं. मी माझं लिहिलं.

दिवस कलल्यावर होडी आली. दिवा नाही, म्हणून पहाटे अंधारात खाडीचं तोंड सापडलं नाही, मग ओहोटी लागली. भरतीपर्यंत बाहेरच नांगर टाकून होते. सुरेशने पुस्तिका चाळली.

"आता तुमचा नंबर, काय? फेरीत मदी बसा."

बायका हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी मधोमधच बसले, दोन्ही हातांनी बाक धरून. रत्नागिरीला पोचल्यावर दिव्यासाठी पुन्हा अर्ज लिहिला. एरवी खाली 'समस्त ग्रामस्थ' लिहिते. दिवा लागेपर्यंत समुद्राकडे माझं एकटीचं नाव आहे. या खेपेला खाली तेच लिहिलं.