आखणीआधीचे चेहरे

माझ्या सरांनी मला फसवलं. मी त्यांना नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पेणच्या त्या कॉलेजात आजही उलटं सांगतात.

रोह्याच्या कंपनीत शिफ्टची नोकरी करून मी कॉम्प्युटरची मास्टर्स करत होतो. प्रबंधाला गाइड मिळेना. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, आधी विषय आण. विषय नेला की म्हणे, माझ्याकडे जागा नाही. सत्र संपायच्या आत फॉर्मवर सही नसेल तर वर्ष बुडणार होतं.

शेवटी मी सरांपुढे सौदा मांडला. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात माझी आत्या मूर्तींचे डोळे रंगवायची. त्याला आखणी म्हणतात. प्रत्येक कारखान्याचा आखणीचा हात वेगळा. फोटोवरून तो हात ओळखणारा प्रोग्रॅम करायचा.

"फोटो मी आणतो, सर. दुसऱ्या कोणाला कारखान्यात उभं करणार नाहीत. तुम्ही सही करा."

"आधी फोटो," सर म्हणाले. "आणि त्याच मूर्तींचे बिनडोळ्यांचेही आण. तुलनेला लागतील."

इथे अडलं. आत्याकडे आखणी होईपर्यंत मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवत.

"कोऱ्या तोंडाचा फोटो? नाय रे बाबा. तो बघंल कुठून?"

"आत्ये, डोळेच नाहीत तर बघेल कसा?"

"तेच तर इचारत्ये."

घासाघीस करून एका अटीवर तिला राजी केलं: आखणी होईपर्यंत कोरा चेहरा कोणाला दाखवायचा नाही. मी शब्द पाळला. तिच्या ओळखीने इतर कारखान्यांतही याच अटीवर फोटो काढले. मधेच आत्या गेली. उरलेली आखणी तिच्या सुनेने केली, मगच मी फोटो पेणला नेले.

प्रोग्रॅम चालला. इतर कारखान्यांचे हात त्याने बरोबर ओळखले. सुनेची आखणी मी वेगळी नोंदवली होती, ती मात्र त्याने आत्याची सांगितली. सून तिच्याकडेच शिकली, म्हणून मी सोडून दिलं. मग बिनडोळ्यांचे फोटो घातले. आत्या. दुसऱ्या कारखान्यांतले कोरे चेहरे घातले. आत्या. यंत्राला 'माहीत नाही' म्हणायला आम्ही शिकवलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण मग दर वेळी तीच का?

सर हसले. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी डोळे मिटले. "बघू, आम्हाला कोणी घडवलंय!"

पडद्यावर आत्याचं नाव आलं.

त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर तेच. ते उठले आणि भिंतीवरच्या टाइमटेबलकडे तोंड करून उभे राहिले. भर दुपारी, पंख्याखाली, कितीतरी वेळ. मी दोनदा हाक मारली.

"हा विषय सोड," ते न वळता म्हणाले. "मी सही करणार नाही."

सत्र संपता संपता विभागाच्या फळ्यावर माझाच विषय लागला, शब्दही माझेच. खाली सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव. मी सगळ्यांदेखत आवाज चढवला. सर शांतपणे म्हणाले, "विषय विभागाचा असतो." माझं वर्ष गेलं, वर सरांचा विषय मीच लाटत होतो असं कॉलेजात ठरलं.

तो प्रबंध मी नंतर पानन् पान चाळला. त्यात कोरा चेहरा एकही नाही.

सर, विषय मी आणला, आत्याला मी मनवलं. तो दुसऱ्याला का दिलात? आणि त्या दुपारी भिंतीकडे तोंड करून तुम्ही कोणाची वाट बघत होतात? दोन्हींचं उत्तर मला तुमच्याच तोंडून हवंय. माझ्याकडे वळून द्या.