देवीच्या दारापर्यंत थांबायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. घरचे हे तक्रारीनं सांगतात, मी अभिमानानं. नवीन पनवेलात मी गाडी चालवायला शिकवते, आणि समोरून डंपर येत असताना आरशात स्वतःचे केस बघणाऱ्या पोराला मऊ आवाजात काय सांगणार? अठरा वर्षांची पोरं घेऊन आईबाप येतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तसं त्याला येतं हो सगळं, फक्त लायसन्स काढून द्या." शिकाऊ लायसन्स हातात आलं की मी त्या सगळं येणाऱ्याला कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे नेते. मागे हातभर सळ्या बाहेर आलेले ट्रेलर एकामागोमाग एक दिसले की त्याची बडबड थांबते. मग शिकवायला सुरुवात करता येते.

लोकांच्या पोरांना शिस्त लावण्यात हयात गेली आणि माझ्याच माहेरी माझं कुणी ऐकलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच असावं, फक्त इथे कोरडा पाषाण मी नव्हते, माझा भाऊ होता.

भाऊ माझ्याहून धाकटा. गव्हाणला राहतो. शेत गेलं, पैसा आला, जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला आला आणि त्यापुढे उभी राहायला मोठी गाडी हवी असं त्याला वाटू लागलं. गाडी आली ती बिनगियरची. ब्रेकवरचा पाय उचलला की आपली आपण पुढे सरकायला लागणारी. भावाला तेच आवडलं होतं. "चालवायची गरजच नाय, ताय," तो मला म्हणाला. "नुसतं बसायचं."

त्याची मुलगी, माझी भाची, तेव्हा कॉलेजला खारघरला जात होती. त्या घरात गाडीचं खरं वेड तिला एकटीला. लहानपणापासून सुट्टीत माझ्याकडे आली की शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर गुपचूप बसायची आणि शिकणारा चुकला की ओठ दाबून हसायची. रस्त्यावरच्या सगळ्या खुणा तिला पाठ होत्या. अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी शिकाऊ लायसन्सला जायचं, हे आमच्या दोघींचं ठरलं होतं. मला मूलबाळ नाही. त्या मुलीनं गाडी चालवावी, चांगली चालवावी, असं मला फार वाटायचं. इतकं मी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नाही.

गाडीच्या पूजेचा मुहूर्त निघाला तो नेमका तिच्या वाढदिवसाच्या आधी. आणि भावानं ठरवलं की लिंबांवरून गाडी तीच उतरवणार.

नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि ती चिरडत गाडी पुढे काढायची, हे सगळीकडेच करतात. आमच्या घरची रीत त्याच्या एक पाऊल पुढची आहे. लिंबांवरून उतरलेली गाडी गावदेवीच्या दारातच थांबली पाहिजे. मध्ये थांबली की लाभत नाही. आजोबांनी पहिला टेम्पो आणला तेव्हापासून हे चालत आलंय. तेव्हा घर ते देऊळ या रस्त्यावर कोंबड्यांखेरीज कुणी नसायचं. आता त्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती उठताहेत आणि रेतीच्या ढिगांनी अर्धा रस्ता खाल्लाय. रीत मात्र आहे तिथेच आहे.

"तिला लायसन्स नाही," मी म्हटलं.

"अठरावं लागलं ना."

"लागून उपयोग नाही, पुरं व्हावं लागतं."

"ताय, गावातला रस्ता हाय. आपल्या घरापासून आपल्या देवीपर्यंत. तिथं कोन लायसन्स विचारतंय?"

मी आवाज चढवला. पाहुणे बघायला लागले. भावजय हातातलं पूजेचं ताट सांभाळत मध्ये पडली आणि तोड निघाली. भाचीनं गाडी फक्त लिंबांवरून अंगणातल्या अंगणात काढायची, फाटकाच्या आत उभी करायची, पुढे देवळापर्यंत मी न्यायची. रीत मोडल्याबद्दल देवीला एक नारळ जास्त. भाऊ हो म्हणाला. फारच पटकन म्हणाला, आणि माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण भाचीचा चेहरा असा उजळला होता की मी तिच्याकडेच बघत राहिले.

ती चालकाच्या सीटवर बसली. भाऊ तिच्या शेजारी, भावजय मागे. मी बाहेर, उजव्या खिडकीपाशी. तिनं सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला. भावानं बांधला नव्हता, तर त्याला बांधायला लावला. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि ब्रेकवरचा पाय अलगद उचलला. लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी फाटकाशी आली. मी म्हटलं, "थांब आता."

आतून भाऊ म्हणाला, "थांबू नको. चल, चल पुढं."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी रोज बघते. नेमकं काय करायचं हे शिकणाऱ्याला कळेनासं झालं की तो असा माझ्याकडे वळतो. फक्त रोज मी डाव्या सीटवर असते आणि माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. इथे माझ्या पायाशी अंगणातला शेणसडा होता. गाडी फाटकाबाहेर गेली.

मी मागून धावले. वय झालंय, साडी नेसलेली, तरी धावले. गाडी काही जोरात नव्हती, मी धावत गाठू शकेन इतपतच होती. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे भावाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. देऊळ समोर दिसत होतं. एवढ्यात रेतीच्या ढिगामागून एक बाई रस्त्यावर आली. पलीकडच्या वाडीवरची. इमारतीच्या कामावरून निघताना तिनं फळ्यांच्या ढलप्यांची मोळी बांधली होती. डोक्यावर मोळी असली की माणसाला मान वळवता येत नाही, सरळच बघावं लागतं. ती सरळ बघत आली.

मागचे लाल दिवे लागले. मी बघितले, शपथेवर सांगते. भाचीचा पाय ब्रेकवर गेला होता. आणि आतून भाऊ ओरडला, "थांबू नको, देवीचं दार आलं!"

लाल दिवे विझले. लगेच परत लागले, पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं. गाडीच्या कोपऱ्याचा धक्का बाईला बसला, मोळी उडाली, बाई हातावर पडली. ती किंचाळलीसुद्धा नाही. मी पोहोचले तेव्हा उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरून बसली होती आणि तो हात जसा असायला हवा तसा नव्हता.

माझ्या गाडीतून आम्ही सगळे पनवेलला दवाखान्यात निघालो. मी चालवत होते. भाऊ शेजारी. मागे बाईला मध्ये घेऊन भावजय आणि भाची. भाची एकसारखी रस्त्याकडे बघत होती, रडत नव्हती. भाऊच बोलत होता.

"विमा हाय ना. फुल विमा काढलाय."

"चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल तर तो विमा," मी म्हटलं. "नसेल तर कंपनी हात वर करते. आणि अल्पवयीन मुलीच्या हातात गाडी दिली म्हणून केस होते ती बापावर. आणि हिला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही."

पंचविशीपर्यंत म्हटलं तेव्हा आरशात मला भाचीचे डोळे दिसले. मी आरसा थोडा फिरवला.

भावानं मागे वळून एकदा मुलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "लायसन्स तुज्याकडं हाय."

पुढे रस्ताभर मी गाडी इतकी वाईट चालवली की तशी चालवणाऱ्या शिष्याला मी खाली उतरवलं असतं.

बाईच्या हाताचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि भावानं मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, मुलीची जात आहे, पोलिसात नाव गेलं तर उद्या सोयरीक कोण जुळवणार. म्हणाला, तू म्हण मी चालवत होते, कंपनी पैसे देईल, त्या बाईचंही भलं होईल, पोरीला पुढच्या महिन्यात लायसन्स मिळेल. घरचं घरच्यानं अंगावर घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं? आमच्या घरात हे नेहमीचंच. एकाच्या हातून झालं की दुसरा उभा राहतो, आणि त्याला आम्ही माया म्हणतो. मायाच आहे ती, मी नाकारत नाही.

त्यानं त्या बाईलाही विचारून घेतलं होतं. ती म्हणाली होती, "मला काय, हात बरा झाला पायजे. हातावर पोट हाय. बाकीचं तुमी तुमचं बघा."

मी बाकावर येऊन बसले आणि खरं सांगते, मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं. मी चालवत होते. सोपं होतं. कुणाचं नुकसान नव्हतं. झालं असतं तर माझं, आणि माझं आता कितीसं राहिलंय? उलट भाचीच्या हातात स्टेअरिंग राहिलं असतं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं वाट बघितली तेच. खोटं इतकं सोयीचं असलं की ते खोटं वाटतच नाही. माझा राग भावावर होता, आणि त्याहून जास्त या गोष्टीवर, की त्याचं म्हणणं मला पटत चाललं होतं.

दवाखान्यानं कळवलं होतं, त्यामुळे हवालदार आला. दमलेला माणूस. वही उघडून त्यानं सरळ विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"मी," भावजय म्हणाली. त्याच क्षणी. माझा घोळ बघून दोघांनी आपापलं ठरवून टाकलं होतं, आणि एकमेकांना सांगायचं राहून गेलं होतं. भावजयीनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही.

हवालदारानं दोघांकडे बघितलं. "एका गाडीला स्टेअरिंग किती असतात, साहेब?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला ठाऊक आहे.

"मी चालवत होते," भाची म्हणाली.

ती उभी राहिली होती. ओढणीचं टोक बोटांना घट्ट गुंडाळलेलं, पण आवाज स्वच्छ. "मला लायसन्स नाही. अठरा पूर्ण व्हायचीत. आत्या बाहेर होती, तिनं मला थांबायला सांगितलं होतं."

भाऊ काहीतरी बोलायला गेला, तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"समोर माणूस दिसलं नाही का?" हवालदारानं विचारलं.

"दिसलं."

"मग ब्रेक का नाही दाबलास?"

मी वाट बघत राहिले. आता सांगेल, आता सांगेल. तिचा बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्यालाही माहीत होतं काय येणार ते.

"उशिरा दाबला," ती म्हणाली. "चुकलं माझं."

हवालदारानं ते तसंच लिहून घेतलं.

पुढचं सगळं मी सांगितलं होतं तसंच झालं. केस भावावर झाली, ती अजून चालू आहे. नवी गाडी बंगल्यापुढे झाकून ठेवलेली असते. विम्याबद्दल वकील म्हणतो, कंपनी बहुतेक बाईला आधी भरपाई देईल आणि मग ती भावाकडून वसूल करेल. ते होईल तेव्हा होईल. बाईचं प्लास्टर निघालं, पण डोक्यावर ओझं चढवायला तो हात अजून वर जात नाही. भावजय तिच्याकडे धान्य पोचवते. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी होकार द्यायला उशीर केला म्हणून पोर बोलली, असं त्याचं म्हणणं. हे खोटं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली. बरोबर काहीच आणलं नव्हतं, कागद नाहीत, फोटो नाहीत. "जाऊ या का कुठेतरी?" म्हणाली. मी गाडी काढली. ती डाव्या सीटवर बसली आणि पाय जवळ ओढून घेतले, म्हणजे माझ्या ब्रेकला चुकूनसुद्धा लागायला नकोत. कळंबोलीच्या सिग्नलला आम्ही थांबलो. दोन्ही बाजूंना ट्रेलर. मला राहवेना.

"तुझ्या बापानं थांबू नको म्हटलं होतं. मी ऐकलंय. तू एकदा पाय ठेवला होतास ब्रेकवर, तेही मी बघितलंय. सांगितलं का नाहीस? त्याला वाचवायला?"

तिनं जरा विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "ते बोलले, हे खरंय. पण पाय तर माझाच होता ना, आत्या."

इतकी पोरं मी रस्त्यावर आणली, त्यांतल्या एकाला तरी हे शिकवता आलं का, मला आठवेना. आणि जिला ते कुणी न शिकवताच आलं तिला अजून सात वर्षं लायसन्स नाही. सिग्नल सुटला. मागचा ट्रेलरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.